मेहुण्याला मागे टाकताना

१४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

वजन ९१.४. बूट घालून. बूट म्हणजे निदान अर्धा किलो. म्हणजे नव्वदच.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. सूड डोक्यात ठेवला की पातळ होतो, लिहून ठेवला की घट्ट राहतो.

सूड कुणावर: फर्गसवर. माझ्या बायकोचा, मोरागचा, धाकटा भाऊ. गावापासून बावीस किलोमीटरवर त्याचा ब्लॅककरंटचा, म्हणजे आंबट काळ्या बेरींचा, मळा आहे. वय एकोणपन्नास. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण ते मी मनावर घेत नाही.

कशाबद्दल: गेल्या फेब्रुवारीतली गॉर्ज राइड. गावातून डोंगराच्या घळीपर्यंत आणि परत, एकशे दहा किलोमीटर. पूर्ण रस्ता मी फर्गसच्या चाकामागे होतो. वारा त्याने खायचा, ताकद मी राखायची, शेवटच्या दोनशे मीटरला बाहेर पडून पुढे जायचं. याला डावपेच म्हणतात. शेवटच्या दोनशे मीटरला मी बाहेर पडलो, आणि तेव्हा कळलं की त्यानेही राखली होती. एका चाकाच्या फरकाने पुढे गेला.

तेवढंही चाललं असतं. पण बक्षीससमारंभात त्याने माइक घेतला आणि म्हणाला, आमच्या गॉर्डीचे आभार मानतो, एकशे दहा किलोमीटर माझ्या मानेवर फुंकर घालत होता, नाहीतर उकडलं असतं. मग म्हणाला, मी इंजिन, तो डबा.

अख्खा हॉल हसला. मोरागही हसली. तिच्याएवढं कुणीच हसलं नाही.

तेव्हापासून गावात मी डबा आहे. मी कौन्सिलच्या पाणीखात्यात आहे, मीटर वाचायला घरोघरी जातो. लोक दार उघडून आत ओरडतात, अगं, डबा आलाय.

पुढची राइड २१ फेब्रुवारी. बघूच.


१५ नोव्हेंबर

दाताच्या डॉक्टरकडे बसलो होतो, तिथे मासिकात सापडलं. ब्लॅककरंटचा अर्क! आठवडाभर घेऊन सायकलवाल्यांनी लांब पल्ला मारला तर शरीर जास्त चरबी जाळतं, असं कुणी संशोधकांनी मोजलंय म्हणे. साखर वाचते, चरबी जळते.

लगेच लक्षात आलं. फर्गस काटकुळा आहे. त्याच्याकडे जाळायला आहे काय? माझ्याकडे इंधनाचा साठा त्याच्या दुप्पट. आजवर तो मी नुसता वाहून नेत होतो. पेटवायला काडी नव्हती, एवढंच.

ते पान फाडून आणलं. रिसेप्शनवरच्या पोरीने बघितलं.


१६ नोव्हेंबर, दुपार

फार्मसीत गेलो. तिथल्या हिनेवाईकडे कॅप्सूल आहेत. न्यूझीलंडचेच ब्लॅककरंट, जांभळी बाटली, अगदी भारी दिसते.

हिनेवाईला फार बोलायची सवय आहे. म्हणाली, गॉर्डन, हा अभ्यास मीही वाचलाय, थोडेच लोक होते, आणि तेही तुमच्यापेक्षा तरुण आणि सराव असलेले. म्हणाली, फरक दिसला तो सरासरीत, सगळ्यांत नाही. आणि चरबी जास्त जळते म्हणजे त्या वेळेला इंधनात चरबीचा वाटा थोडा वाढतो, पोट उतरतं असं त्यात कुठेही नाही. आणि वेग वाढेलच असंही नाही. खाणंपिणं नीट ठेवा, सराव करा, मग हवं तर हे घ्या.

मी म्हणालो, म्हणजे वाढतो ना वाटा?

म्हणाली, थोडा.

दोन बाटल्या घेतल्या.


२२ नोव्हेंबर

सहा दिवस झाले. फरक जाणवतोय. कुठे ते सांगता येत नाही, पण जाणवतोय. काल संध्याकाळी सोफ्यावर बसल्या बसल्याही पोटात ऊब वाटत होती. जळत असणार.

सरावाची आखणी: सपाट रस्त्यावर वेळ घालवायचा नाही. सायकल गाडीवर टाकून थेट डोंगराच्या पायथ्याशी जायचं, चढच मारायचे. मोराग म्हणाली, गाडी तू नेलीस तर मी वाचनालयात कामाला कशी जाऊ? मी म्हणालो, गॅरेजमध्ये तुझी जुनी सायकल आहे की. चार किलोमीटर तर आहे.

थोडी कुरकुरली. पण गेली.


३ डिसेंबर

वजन ९२.१. स्नायू चरबीपेक्षा जड असतात हे सगळ्यांना माहीत आहे.

आज चढ दोन ठरवले होते, एक केला. वरून दरी फार सुंदर दिसत होती, ती बघण्यात दुसऱ्याचा वेळ गेला. मनाचाही सराव लागतो.

मीटर वाचायला गेलो तिथे म्हातारा म्हणाला, काय डबा, यंदा कुणाला जोडणार? मी म्हणालो, बघालच. त्याच्या मीटरचा आकडा दोनदा तपासला. बरोबर निघाला, दुर्दैवाने.


२५ डिसेंबर, संध्याकाळ

नाताळ फर्गसच्या मळ्यावर. दरवर्षी असतो. मी जाणार नव्हतो, पण मोराग म्हणाली, मग घरात थंड हॅम आहे, खा एकटा. शत्रूची तयारी बघून येऊ म्हणून गेलो.

मेरिंगचा, अंड्याच्या फेसाचा केक. वर सायीचा डोंगर, त्यावर बेरी. दोनदा घेतला. तिसऱ्यांदा फर्गसने स्वतः वाढला. म्हणाला, खा रे गॉर्डी, डोंगर चढायचेत ना तुला? सगळे हसले. हेतू लक्षात आला माझ्या. पण ताटात आलेलं टाकणं मला जमत नाही.

जेवणाआधी मी खिशातली बाटली काढून दोन कॅप्सूल घेतल्या. फर्गसने बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, अरे वा, ही कंपनी तर माझ्याच बेरी नेते. गेल्या साली निम्मा माल त्यांनाच गेला. आणि मोठ्याने, म्हणजे गॉर्डी, इतके दिवस तू माझंच खातोयस!

मोराग हसली नाही. हसू आवरत होती. ते जास्त लागतं.


२६ डिसेंबर

झोप नीट लागली नाही. माझा सूड त्याच्याच मळ्यात पिकतो! बाटली कचऱ्यात टाकली.


२६ डिसेंबर, दुपार

बाटली कचऱ्यातून काढली. शांतपणे विचार केला. त्याच्याच शेतातल्या दारूगोळ्याने त्याचाच किल्ला पाडायचा, यापेक्षा गोड सूड कुठला? राइड संपल्यावर माइक हातात घेईन आणि म्हणेन, फर्गस, तुझ्या बेरीबद्दल आभार. हॉल उठून उभा राहील.

एक शंका मात्र आहे. कंपनीला तो मुद्दाम हलका माल तर देत नसेल? डोस वाढवावा. दोनाऐवजी चार.


७ जानेवारी

मळ्यावर तोडणी सुरू. फर्गसकडे माणसं कमी आहेत. मोरागने वाचनालयातून महिनाभर रजा घेतली आणि म्हणाली, मी त्याच्या मदतीला जातेय, तूही शनिवार-रविवार ये.

मी म्हणालो, शत्रूचा माल तोडायला?

म्हणाली, तो माझा भाऊ आहे, गॉर्डन.

पूर्ण नाव घेतलं म्हणजे विषय संपला. मग म्हणाली, गाडी? मी आठवण करून दिली, जानेवारी हा सरावाचा कळीचा महिना, गाडी मला डोंगराकडे लागते. तिने किल्ली परत खुंटीवर अडकवली. मग म्हणाली, बरं, सायकलने जाईन.

बावीस जायला, बावीस यायला. मी म्हणालो, नंतर कंबर दुखते म्हणून सांगू नकोस.


१० जानेवारी

कंबर दुखते म्हणत नाही. पण खाते भयंकर! सकाळी चार टोस्ट, लोणी, जाम. आल्यावर बटाटे. मी समजावलं, की बाई, हे सगळं साखरेचं इंधन, याने चरबीला हात लागत नाही, विज्ञान तसं सांगतं. म्हणाली, मला भूक लागते.

वजन तिने केलंच नाही. बरं वाटणार नाही तिला.


१२ जानेवारी

मोराग सांगत आली की फर्गस तोडणीच्या यंत्रावरून उतरताना पडला. मनगट मोडलंय, पट्टा लावलाय.

मी म्हणालो, डावं की उजवं?

म्हणाली, त्याने काय फरक पडतो? तुला एवढंच विचारायचंय?

डावं आहे. म्हणजे पुढचा ब्रेक उजव्या हाताने लावता येतो. राइडला अजून सहा आठवडे. मी लगेच ओळखलं, नाटक आहे. शत्रू गाफील राहावा म्हणून सेनापती लंगडतात. मला अधिकच चेव आला.

त्या चेवात आज चढ करणार होतो. डोंगरावरून गरम वारा सुटला. फक्त गाडी धुतली.


१८ जानेवारी

माइकवरचं भाषण लिहून झालं. तीन मिनिटं. आरशासमोर वाचलं तर चार होतात, कारण मध्ये टाळ्यांसाठी थांबतो. इंजिनाचं वाक्य त्याच्यावरच उलटवलंय: काही इंजिनांना तेल संपल्यावर कळतं की डबाच त्यांना ढकलत होता. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही, पण लोकांना समजेल.


२४ जानेवारी

आज रविवार. मोराग म्हणाली, चल, आज दोघं जाऊ सायकलवर, मलाही आता बरं जमतंय. मी म्हणालो, माझ्या नाडीचे ठोके ठरलेल्या पट्ट्यात राहावे लागतात, सोबतीला कुणी असलं की बिघडतात. म्हणाली, बरं.

मी एकटा घळीच्या रस्त्याला गेलो. चढावर मागून एक बाई आली. निळी जर्सी, मान खाली. काही कळायच्या आत वळणापलीकडे गेली. हल्ली शहरातून नव्या सायकली घेऊन येतात असल्या बायका. सगळं यंत्राचं काम, त्यांचं काही नाही.

घरी आलो तर मोराग आंघोळ करून टोस्ट खात होती. तिची निळी जर्सी वाळत घातली होती. आजकाल सगळीकडे तोच रंग चाललाय.


१ फेब्रुवारी

वजन ९३. बूट नव्हते. वजनकाटा जुना झालाय.

शेवटचे तीन आठवडे. आता निर्णायक पाऊल: पाव बंद, बटाटा बंद, ओट्स बंद, साखर बंद. शरीराला साखर मिळालीच नाही तर ते जाईल कुठे? चरबीकडेच. कॅप्सूल सहा.

बाटल्या संपल्या म्हणून फार्मसीत गेलो. हिनेवाईने विचारलं, दिवसाला किती घेता? मी खरं सांगितलं. तिने बाटली काउंटरवरून परत आपल्याकडे ओढली. म्हणाली, बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच घ्या, नाहीतर देणार नाही. आणि पावबटाटा सोडला असेल तर आजच सुरू करा. ज्या सायकलवाल्यांवर ते प्रयोग झाले ते उपाशी राहत नव्हते. वाऱ्यात दमछाक झाली की शरीराला साखरच लागते, गॉर्डन. अर्क म्हणजे काही पेट्रोल नव्हे.

मी मान हलवली. तिचा भाऊ फर्गसच्या सायकल क्लबात आहे, हे मला नंतर आठवलं.


९ फेब्रुवारी

पोटाची तक्रार. दोन दिवस कौन्सिलला रजा. सराव नाही, पण शरीर आतून साफ झालं. साफ शरीरात चरबी मोकळी जळते, असं मला वाटतं.

मोरागने मऊ भात करून आणला. मी नको म्हणालो. उशाशी बसून म्हणाली, गॉर्डी, तुझ्याशी बोलायचंय, राइडबद्दल. फर्गस यंदा उतरत नाहीये, त्याची एंट्री...

मी हात वर केला. शत्रूचा प्रचार या घरात चालणार नाही, म्हणालो. जे असेल ते राइडनंतर.

ती म्हणाली, अरे, ऐक तरी.

मी डोळे मिटले. भांडं उचलून गेली. भातही घेऊन गेली. थोडा ठेवला असता तर खाल्ला असता, कुणी बघितलं नसतं तर.


२० फेब्रुवारी

उद्या. सायकल पुसली. भाषण जर्सीच्या मागच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. रात्रीचं जेवण: दोन अंडी आणि सहा कॅप्सूल. हिनेवाईकडच्या नव्हेत, शेजारच्या गावातून आणल्या.

हवामान: सकाळी डोंगराकडून गरम वारा, दुपारी दक्षिणेचा थंड. म्हणजे जाताना समोरून, येतानाही समोरून. फर्गसला त्रास होईल.

मोराग लवकर झोपली. पहाटे निघायचंय म्हणाली. वाटेत सायकलवाल्यांना संत्री वाटणाऱ्या बायकांमध्ये असेल दरवर्षीसारखी.


२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४०

जिंकलो.

क्रमाने लिहितो.

सुरुवातीला चारशेएक माणसं. फर्गस दिसला नाही. लपून मागे उभा असणार. मोराग मी उठायच्या आधीच गेली होती. नाश्ता घेतला नाही. सुटलो तेव्हा जोरात सुटलो, पहिले पाच किलोमीटर मी पुढच्या पन्नासांत होतो, हे बघायला ओळखीचं कुणीच नव्हतं, ही खंत.

मग वारा. उघड्या मैदानावरून भट्टीचं दार उघडल्यासारखा यायला लागला. जो तो घोळक्यात कुणाच्या तरी मागे शिरला. मीही शिरायला गेलो. पण ज्याच्या मागे शिरलो तो वळून म्हणाला, अरे, डबा! आणि दुसरे हसले. मी बाहेर पडलो. एकट्याने वारा खाल्ला. अभिमानाने.

पंचावन्न किलोमीटरला घळ. वळलो. सत्तरला पाय जरा जड. म्हटलं, आता चरबीकडे बदल होतोय, तो खडखडाट आहे. पंचाहत्तरला एक मेंढी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली असं वाटलं. ऐंशीला वारा फिरला. दक्षिणेचा. पाच मिनिटांत घाम गार पडला.

चौऱ्याऐंशीला मी खाली बसलो होतो. उतरल्याचं आठवत नाही. सायप्रसच्या झाडांच्या कुंपणाला पाठ टेकून बसलो होतो आणि सायकल रस्त्यात आडवी होती. हात माझे होते पण माझं ऐकत नव्हते. डोळ्यांसमोर फक्त टोस्ट. लोणी लावलेला. मी चोपन्न वर्षांचा माणूस, टोस्टसाठी रडत होतो. हे इथेच लिहितोय.

पोटाला हात लावून बघितला. सगळं जिथल्या तिथे होतं. नव्वद किलो इंधन आणि गाडी बंद.

लोक जात राहिले. कुणी विचारलं, बरा आहेस ना? मी फोन बघत असल्यासारखं केलं.

मग निळी जर्सी आली आणि थांबली. मोराग. हेल्मेट, घाम, गाल लाल. जर्सीवर नंबर. कसला नंबर ते विचारायला दम नव्हता.

तिने खिशातून जामचं सँडविच काढलं, निम्मं तोडून माझ्या तोंडात घातलं, अक्षरशः. मग दुसरं निम्मंही. पाणी पाजलं. दहा मिनिटं बाजूला बसली. तिच्या पुढेमागे असलेल्या सगळ्या बायका तोवर निघून गेल्या. मी म्हणालो, तू जा. म्हणाली, गप, चाव नीट.

मग म्हणाली, ऊठ. माझ्या चाकामागे राहा. डोकं वर काढू नकोस, फक्त माझं चाक बघ.

फर्गसच्या मळ्याशी आलो तर फाटकातून तोही बाहेर पडला! शेतातला चौकडीचा शर्ट, मनगटाला पट्टा, एका हाताने सायकल धरलेली. नंबर लावायलाही विसरला होता, बेशिस्त माणूस. म्हणाला, काय गॉर्डी, जिवंत? आणि मोरागला म्हणाला, ताई, तू जरा मागे हो, वारा मी घेतो. पुढे फर्गस, मग मोराग, मग मी. बावीस किलोमीटर. थंड वारा चिरत तो एका हाताने ओढत होता आणि मधून मधून मागे वळून विचारत होता, ताई, फास्ट होतंय का? आहात ना दोघं?

सँडविच पोटात उतरलं होतं. पाय परत माझे व्हायला लागले. शंभरला डोकं साफ झालं आणि त्यात एकच विचार होता. वर्षभराचा.

शेवटचं वळण. समोर दोनशे मीटर, कमान, लोक. आणि फर्गस बाजूला झाला. पॅडल थांबवून सरळ बसला आणि मोरागला हाताने खूण केली, जा, तू पुढे जा. लोक टाळ्या वाजवत होते. मोरागने हँडलवरचा एक हात उचलला, कुणाला तरी दाखवायला.

हीच ती वेळ.

मी डावीकडून बाहेर पडलो. आयुष्यात एवढा जोर लावला नव्हता. फर्गसला टाकलं. मोरागला टाकलं, ती मध्ये होती, इलाज नव्हता. एका चाकाने, कदाचित दोन. दोन्ही हात वर केले!

टाळ्या थांबल्या होत्या. थकवा असेल लोकांना. संध्याकाळ होत होती.

माइकपर्यंत गेलो नाही. बक्षीससमारंभ तासापूर्वीच आटोपला होता.

मोराग सायकल ढकलत माझ्यापाशी आली. मला वाटलं, रागावेल. म्हणाली, आता नीट काहीतरी खा. मग फर्गसने तिची सायकल आपल्या पिकअपमध्ये चढवली, आणि ती पुढच्या सीटवर बसली.

फर्गस नेहमी काहीतरी बोलतो. आज त्याने गाडीची काच वर केली.

पण जिंकलो.


२२ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

मोराग आली नाही. मळ्यावर राहिली असेल. तोडणीचं काही उरलं असेल.

टोस्ट केले. चार.


२२ फेब्रुवारी, १०.००

निकाल लागला कौन्सिलच्या पाटीवर. छापील कागद, सगळी नावं, वय आणि वेळेसकट. आपला क्रमांक महत्त्वाचा नव्हता, फर्गस कितवा ते बघायचं होतं.

मी: ३८८वा.

३८९: मोराग. माझ्यानंतर एक सेकंद.

३९०: कुणीतरी म्हातारे गृहस्थ, चाळीस मिनिटांनी.

फर्गस नाही. वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. अर्धवट सोडलेल्यांच्या यादीतही नाही. पाटीशी हिनेवाई उभी होती, आपल्या भावाचं नाव शोधत. मी म्हणालो, यात चूक आहे, फर्गस काल माझ्या पुढे होता, मी त्याला मागे टाकलं. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काउंटरवरून बघते. म्हणाली, गॉर्डन, त्याचं मनगट मोडलंय. जानेवारीतच त्याने आपली एंट्री मोरागच्या नावे करून दिली. तो काल शेवटी नुसता तिच्या सोबतीला आला होता. तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही का?

मी म्हणालो, सांगितलं असेल.

म्हणजे काल मी ज्याला हरवलं तो शर्यतीत नव्हता. आणि जिला हरवलं तिच्या घड्याळातली दहा मिनिटं मी कुंपणाशी बसून खाल्ली होती. सँडविचसकट.


२२ फेब्रुवारी, ११.३०

मळ्यावर फोन केला. फर्गसने उचलला. म्हणालो, मोराग आहे का? म्हणाला, आहे, पण आत्ता येणार नाही. काही निरोप?

 म्हणालो, तिचं अभिनंदन सांग.

म्हणाला, कशाबद्दल सांगू?

 भाषण चार मिनिटांचं लिहिलं होतं मी, त्यात अभिनंदनाचं एकही वाक्य नव्हतं. शेवटी म्हणालो, राहू दे, मीच येतो.


२३ फेब्रुवारी

काल दुपारी गाडी दारात उभी होती. किल्ली खुंटीवर. सायकल काढली.

बावीस किलोमीटर, डोंगराकडून वारा. तीनदा थांबलो. एका ठिकाणी उतरून चाललो. महिनाभर ती हे रोज करत होती आणि दिवसभर तोडणी करून परत येत होती, आणि मी तिच्या टोस्टचा हिशेब ठेवत होतो.

पोचायला दोन तास लागले. फर्गस पायऱ्यांवर बसला होता. सायकल बघितली, माझ्याकडे बघितलं. त्याला काय काय बोलायचं ते मी वर्षभर साठवलं होतं. म्हणालो, मनगट कसंय? म्हणाला, सहा आठवड्यांनी विचारतोयस. मग म्हणाला, बरंय.

म्हणालो, मोराग? म्हणाला, सायकल घेऊन गेलीय घळीकडे. म्हणालो, कधी येईल? म्हणाला, तिचं ती ठरवेल.

आत निघून गेला. मी पायरीवर बसलो. ब्लॅककरंटच्या रांगा आता रिकाम्या आहेत, नुसती पानं. काही करायला नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीचा एक विचार मनात यायला लागला होता, निकालातल्या त्या ३९०व्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल. तो थांबवला.

चारला ती आली. माझी सायकल बघून थांबली. म्हणाली, याने आलास? म्हणालो, हो. वारा समोरून होता.

म्हणाली, घरून येताना समोरूनच असतो.

मी म्हणालो, मोराग, काल मी...  ती थांबली, मी संपवीन म्हणून.  मग हातमोजे काढून आत गेली.

दार उघडं ठेवलं. पण मळ्यावर सगळेच दार उघडं ठेवतात.